व्यायामाला पुन्हा पुन्हा खाडा पडतोय? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

तक्रार साधारण एकाच नमुन्याची असते. पहिले दोन-तीन आठवडे झोकात जातात. बूट नवे, बाटली नवी, सकाळचे फोटो स्टेटसला. मग काहीतरी निमित्त होतं, दोन दिवस बुडतात, दोनाचे आठ होतात आणि 'येत्या सोमवारपासून' म्हणता म्हणता महिना निघून जातो. पुढे कधीतरी पुन्हा पहिल्यापासून. वर्षातून तीन-चार वेळा ज्यांचं असं होतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांची अजून सुरुवातच व्हायची आहे त्यांना यातलं थोडंच उपयोगी पडेल.

बहुतेक जण 'मी आळशी आहे' एवढं निदान करून मोकळे होतात. या निदानाचा काही उपयोग नाही, कारण त्यावर उपाय सुचत नाही. फार तर आधीपेक्षा कडक वेळापत्रक आखलं जातं आणि ते आधीपेक्षा लवकर मोडतं. शिवाय जो माणूस वर्षातून चार वेळा नव्याने सुरुवात करतो त्याला आळशी कोणत्या तोंडाने म्हणायचं? फ्यूज उडाला म्हणून कोणी घरभराचं वायरिंग उपटत नाही; काय चालू केलं की उडतो, ते बघतात.

आधी खाड्यांची नोंद

केलेल्या व्यायामाची नोंद सगळेच ठेवतात, हल्ली तर घड्याळच ठेवतं. बुडालेल्या दिवसांची नोंद कोणी ठेवत नाही, आणि बिघाड नेमका तिथेच सापडतो. वहीचं एक पान घ्या आणि मागचे तीन-चार मोठे खाडे आठवून लिहा. शेवटचा व्यायाम साधारण कधी झाला, पहिला दिवस कशाने बुडाला, ते कारण किती दिवस टिकलं आणि व्यायाम प्रत्यक्षात पुन्हा कधी सुरू झाला.

शेवटच्या दोन उत्तरांतलं अंतर बघा. ताप तीन दिवस, खाडा पाच आठवडे. गणपती दीड दिवसाचे, खाडा दिवाळीपर्यंत. जवळपास प्रत्येकाच्या पानावर असं काहीतरी निघतं. म्हणजे प्रश्न दोन आहेत: व्यायाम कशाने तुटला हा एक, आणि कारण संपल्यावरही तो सुरू का झाला नाही हा दुसरा. लोक सगळी शक्ती पहिल्यावर खर्च करतात. मोठा दुसराच आहे, पण त्याकडे नंतर येतो.

आमच्या सकाळच्या ग्रुपमधला एक जण बँकेत आहे. 'मला उठणं जमत नाही' हे त्याचं कायमचं पालुपद. त्याच्याकडून हे पान भरून घेतलं, तर ओळी अशा आल्या: 'मार्च – इयर एंडिंग, रोज रात्री दहा.' 'जुलै – बूट ओले.' 'सप्टेंबर – गावी गणपती, आल्यावर सर्दी.' उठणं न जमल्यामुळे पडलेला मोठा खाडा त्यात एकही नव्हता. तो दर वेळी गजर बदलत होता आणि बिघाड गजरात नव्हताच.

पान भरून झालं की खालचं सगळं वाचायची गरज नाही. तुमचा बिघाड ज्या मथळ्याखाली येतो तो वाचा आणि 'परत येणं' हा भाग मात्र सगळ्यांनी वाचा.

सकाळी उठणं खरोखरच होत नसेल तर

बिघाड रात्रीत शोधा. बारा-साडेबाराला झोपून पाचचा गजर लावला की पहिले दहा-पंधरा दिवस उत्साहावर निघतात, मग शरीर आपली थकबाकी वसूल करतं. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते, त्यात घासाघीस चालत नाही. साडेपाचला उठायचं तर साडेदहाला डोळा लागलेला हवा. बदलापूर किंवा विरारला राहणारा, साडेआठ-नऊला घरी पोचणारा, त्यानंतर जेवणारा माणूस साडेदहाला झोपणार कसा? त्याने पहाटेचा नाद सोडावा. पहाटेच्या व्यायामाला आपल्याकडे मान फार आहे, पण स्नायू घड्याळ बघत नाहीत. संध्याकाळी केलेला व्यायामही तितकाच लागू पडतो.

संध्याकाळच्या बाबतीत एकच पथ्य: घरात शिरून सोफ्यावर टेकलात की संपलं. व्यायाम घराच्या अलीकडे उरकायचा. जिमची पिशवी ऑफिसलाच न्यायची, किंवा स्टेशनवरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं न राहता चालत सुटायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर असेल तर आठवड्याचा मोठा हिस्सा तिथेच निघतो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असं आहे. एका वेळी किमान दहा मिनिटं तरी सलग हवीत ही जुनी अट 2020 च्या शिफारशींत काढून टाकली आहे. तुकडे मोजले जातात. 'पूर्ण तास मिळाला तरच' म्हणणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

वेळेत आणखी एक छुपा बिघाड असतो. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास उजाडतं आणि जानेवारीत सव्वासात वाजतात. मे महिन्यात पावणेसहाला फिरायला लागलेल्या माणसाला डिसेंबरात त्याच वेळी मिट्ट काळोख भेटतो. त्यात रस्त्यावरची कुत्री, आणि बाई एकटी असेल तर वेगळीच धास्ती. 'थंडीत मला कंटाळा येतो' असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना कंटाळा थंडीचा नसतो, अंधाराचा असतो. नोव्हेंबर लागला की वेळ पाऊण तास पुढे ढकला, नाहीतर ते तीन महिने घरात किंवा गच्चीवर काढा.

आणि ज्या घरात सकाळी दोन-तीन डबे भरले जातात तिथली सहा ते आठ ही वेळ डबे भरणाऱ्या बाईची नसतेच. तिला 'थोडं लवकर उठत जा' असं सांगणारे सल्लागार मला फार राग आणतात. ओळखीच्या एका काकूंनी यातून काढलेला मार्ग असा. कुकर लावला की ओट्याला धरून बैठका, तीन शिट्ट्या होईपर्यंत. पोळ्यांचा तवा तापेपर्यंत टाचा उचलणं, एका वेळी वीसेक. मुलं स्कूलबसमध्ये बसली की तिथूनच सोसायटीला चार फेऱ्या, परत वर न जाता. वर गेलं की कामं दिसतात, असं त्या म्हणतात. हे चांगलंच आहे. पण खरी दुरुस्ती म्हणाल तर आठवड्यातले दोन दिवस डबे दुसऱ्या कोणीतरी भरावेत आणि त्या वेळेला घरात सगळ्यांसमोर 'ही हिची व्यायामाची वेळ' असं नाव पडावं. नाव न पडलेली वेळ घर गिळून टाकतं.

अंग आंबून सुटत असेल तर

पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यातच खाडा पडणाऱ्यांचा हा बिघाड. पहिल्या दिवशी हौसेने शंभर बैठका, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तिसऱ्या दिवशी बसलेलं उठवत नाही. सवय नसलेल्या व्यायामाने स्नायू दुखतात ते लगेच नाही. दुखणं एक ते तीन दिवसांनी कळसाला जातं. म्हणून फसगत होते. पहिल्या दिवशी 'काहीच झालं नाही' म्हणून दुसऱ्या दिवशीही तेवढंच करतात आणि दोन्ही दिवसांचं बिल एकदम येतं.

रथसप्तमीला याचं सार्वजनिक प्रात्यक्षिक बघायला मिळतं. वर्षभर न वाकलेली माणसं सामूहिक कार्यक्रमात 108 सूर्यनमस्कार घालतात आणि त्यातले कितीतरी जण पुढच्या रथसप्तमीपर्यंत दिसत नाहीत. औंध संस्थानाचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, शाळांत नेले, ते रोजचा नेम म्हणून. एका दिवसाचा विक्रम म्हणून नव्हे.

दुरुस्ती सोपी आहे, अंगवळणी पडायला अवघड. पहिले दोन आठवडे तुम्हाला झेपतं त्याच्या निम्मं करायचं आणि 'अजून जमलं असतं' असं वाटत असतानाच थांबायचं. बारा नमस्कार झेपत असतील तर सहा. चालताना किंवा पळताना बोलता येतंय का ते बघा. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. एवढा वेग सुरुवातीला पुष्कळ झाला.

मांड्या-पोटऱ्या भरून येणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. दोन्ही पायांत सारखं, दाबल्यावर हुळहुळणारं आणि तीन-चार दिवसांत ओसरणारं दुखणं असेल तर काळजी नको, हलकं चालत राहा. एकाच गुडघ्यात टोचत असेल, सूज असेल, किंवा सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल तर तो व्यायाम थांबवून दाखवून घ्या. तसंच रेटणाऱ्यांचा पुढचा खाडा महिन्यांचा असतो.

पाऊस

पाऊस दर वर्षी येतो आणि दर वर्षी लोकांना अनपेक्षित वाटतो. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. म्हणजे मे संपण्याआधी घरातला पर्याय ठरलेला हवा आणि एकदोनदा करून बघितलेला हवा. पहिल्या मुसळधार सकाळी खिडकीशी उभं राहून तो सुचत नाही.

घरातल्यासाठी सतरंजीएवढी जागा पुरते: जोर, बैठका, सूर्यनमस्कार, एक रबरी पट्टा, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या. जोर जमिनीवर जमत नसतील तर ओट्यावर किंवा भिंतीवर हात टेकून. इमारतीचा जिना चढणं हा पावसाळ्यातला उत्तम व्यायाम आहे, फक्त कडेच्या लाद्या ओल्या नाहीत ना ते बघा, आणि गुडघे कुरकुरत असतील तर चढताना जिना व उतरताना लिफ्ट.

बुटांचं काय? ओले झाले की आतला तळवा बाहेर काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन-तीन तासांनी ते बदलायचे आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवायचे. उन्हात किंवा गॅसजवळ नको, चिकटवलेलं सुटतं. एक जुना जोड पावसासाठी राखून ठेवला तर 'बूट ओले' ही ओळ तुमच्या पानावरून कायमची जाईल.

सण, लग्नं, मार्च

यांच्या तारखा आधीच माहीत असतात, तरी त्यांच्यामुळे पडणारे खाडे सर्वात लांब असतात. गणपतीपासून जी साखळी सुरू होते ती नवरात्र, दिवाळी करत लग्नसराईला भिडते.

2014 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग यावर चांगला प्रकाश टाकतो. काही लोकांना उत्कंठावर्धक कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण त्या ऐकायचं यंत्र जिममध्येच कुलपात ठेवलं. पुढचं प्रकरण ऐकायचं तर जिमला या. सुरुवातीला ही मंडळी बाकीच्यांपेक्षा 51 टक्के अधिक वेळा जिमला गेली. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि त्यानंतर तो फरक विरत गेला. एवढी नामी युक्ती, पण चार दिवसांच्या सुट्टीने तिची हवा काढली. आपल्याकडे तर दिवाळीच चार-पाच दिवसांची.

म्हणून सणाच्या दिवसांत व्यायाम 'चालू ठेवायचा' असा हट्ट धरू नका आणि 'बंद' असंही म्हणू नका. त्या काळाचं वेगळं, छोटं माप आधीच ठरवा. कॅलेंडरवर गणपतीचे, दिवाळीचे, मार्च अखेरचे दिवस आत्ताच खुणेने वेगळे करा आणि त्यावर लिहा: रोज दहा मिनिटं, आठवड्यात एकदा ताकदीचा व्यायाम. वजनं उचलणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. वजन तेवढंच ठेवून आठवड्यातून एकदा जरी उचललं तरी कमावलेली ताकद काही आठवडे बऱ्यापैकी टिकते. गावी गेलात तर विहिरीपर्यंत, देवळापर्यंत, वाडीच्या टोकापर्यंत चालणं आहेच. ते मोजायला लाजू नका.

काटा हलत नाही म्हणून सुटत असेल तर

वजनाच्या काट्यावर रोज उभं राहणं बंद करा. मीठ, पाणी, पाळीचे दिवस, पोट साफ होणं न होणं एवढ्यावर वजन किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. शिवाय व्यायामाने वजन उतरतं त्याहून आहाराने जास्त उतरतं. व्यायामावर ते सगळं ओझं टाकलं की तो नापास ठरणारच. त्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर चढताना कुठे थांबावं लागतं, सलग किती जोर निघतात, असं काहीतरी महिन्याने एकदा लिहा.

हेच घड्याळातल्या बिल्ल्यांचं. रोज दहा हजार पावलं हा आकडा 1965 च्या सुमारास जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. सात हजार भरली आणि बिल्ला हुकला म्हणून दिवस वाया गेला असं होत नाही.

जोडीदार आला नाही की आपणही नाही

सोबत असावी, पण दोघांचीच जोडी ठिसूळ असते. तीन-चार जण हवेत. आणि आठवड्यातला एक दिवस मुद्दाम एकट्याने करा, म्हणजे तेही जमतं हे ठाऊक राहील.

परत येणं

आता तो दुसरा प्रश्न. कारण संपलं, तरी माणूस परत का येत नाही? बहुतेकदा तीन गोष्टी आडव्या येतात. साखळी तुटली म्हणजे सगळं गेलं असं वाटतं. परतीचा पहिला दिवस आधीच्या शेवटच्या दिवसाएवढा असायला हवा असं वाटतं. आणि सुरुवात सोमवारी, एक तारखेला किंवा पाडव्यालाच करायची असते.

पहिल्याबद्दल लंडनमधल्या एका अभ्यासाचा आधार घ्या. 96 जणांनी एकेक नवी सवय निवडून ती रोज पाळायची आणि ती किती आपसूक होते ते नोंदवायचं, असा तो अभ्यास. सवय मुरायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले, पण कोणाला 18 तर कोणाला अंदाजे 254 दिवस लागतील असं गणित निघालं. 'एकवीस दिवसांत सवय' वगैरे विसरा. महत्त्वाचं हे की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय मुरण्यात म्हणावा असा अडथळा आला नाही.

दुसऱ्याबद्दल. 1984 साली चांगल्या सरावाच्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून मोजमाप केलं गेलं, तेव्हा प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत 7 टक्क्यांनी उतरली. दम कमी होतो, पण शून्यावर जात नाही. ताकद तर आणखी सावकाश जाते. तेव्हा घाबरू नका आणि शौर्यही दाखवू नका. आठवड्याच्या आतला खाडा असेल तर नेहमीचाच व्यायाम, किंचित हलका. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर पहिला आठवडा निम्म्यावर. महिन्याच्या वर गेला असेल तर नव्यासारखी सुरुवात, फक्त या वेळी वाढ लवकर होते. तापातून उठला असाल तर औषधाशिवाय ताप नाही, जेवण जातंय, झोप लागतेय, इतकं झाल्यावर आधी सपाट रस्त्यावर हळू चालणं. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा काही आठवडे रेंगाळू शकतो, तिथे डॉक्टर सांगतील तेव्हाच.

बुडालेले दिवस भरून काढायचे नाहीत. रविवारी दोन तास घाम गाळून आठवड्याची वसुली करणारे मंगळवारी पुन्हा घरी बसलेले असतात.

आणि तिसरं. परतीचा व्यायाम आत्ताच, सगळं नीट चालू असताना ठरवून लिहून ठेवा. इतका छोटा की त्याला नाही म्हणायला लाज वाटावी: बूट घालायचे, दहा मिनिटं चालायचं, परत यायचं. सलग दोन दिवस बुडाले की तिसऱ्या दिवशी हा लागू. गुरुवार असो, अमावस्या असो. घरात कोणाला तरी ते सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी आठवण करायची सोय होते.

हा बिघाड शिस्तीचा नाही असं कधी समजायचं

झोप पुरेशी, व्यायाम हलका, तरीही दर वेळी गळून गेल्यासारखं होत असेल तर रक्त तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन उतरलेलं असताना 'माझ्यात जिद्दच नाही' म्हणून स्वतःला कोसणाऱ्या बायका कमी नाहीत. थायरॉइड आणि बी-12 हेही बघून घ्यावं. चढताना छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम असं काही असेल तर व्यायाम तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर व्यायामातली वाढ डॉक्टरांना विचारूनच.

एवढं करूनही सुटतंच

मग व्यायाम बदला. वर्षाची फी भरली आहे म्हणून आवडत नसलेल्या जिमला स्वतःला ढकलत राहण्यात अर्थ नाही. फी गेलेलीच आहे. बॅडमिंटन, पोहणं, ढोलपथकाचा सराव, रविवारचा किल्ला आणि मधल्या दिवसांत जिना, लेझीम, काहीही. 150 मिनिटांच्या हिशेबात हे सगळं धरलं जातं. ताकदीचे दोन दिवस तेवढे वेगळे काढावे लागतात, ते घरी पंधरा-पंधरा मिनिटांत होतात. नव्या व्यायामाला दोन महिने द्या, खाड्यांचं पान चालू ठेवा, आणि वर्षाची फी मात्र त्या दोन महिन्यांनंतरच भरा.